सोरायसिस आणि सुटलेले मैदान

त्वचारोगतज्ज्ञांकडे एका पानाची प्रश्नावली असते. १९९४ साली ब्रिटनमधील कार्डिफ शहरात डॉ. अँड्र्यू फिनले आणि डॉ. गुल करीम खान या दोघांनी ती तयार केली. त्यासाठी त्यांनी त्वचेचे निरनिराळे आजार असलेल्या १२० रुग्णांना विचारले होते की, या आजारामुळे तुमच्या रोजच्या जगण्यात काय काय अडते? त्या उत्तरांतून दहा प्रश्न निघाले. गेल्या आठवड्यात खाज किती होती, लाज किती वाटली, कपडे निवडताना त्वचेचा विचार करावा लागला का, असे ते प्रश्न. पाचवा प्रश्न लोकांत मिसळण्याचा आणि फुरसतीच्या वेळेचा आहे, सहावा खेळाचा. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. बेरीज दहाच्या वर गेली की आजाराने माणसाचे जगणे बरेच व्यापले आहे, असे डॉक्टर समजतात. आज ही प्रश्नावली शंभराहून अधिक भाषांत उपलब्ध आहे.

या कागदात एक खाच आहे. खेळाच्या प्रश्नापुढे 'लागू नाही' असाही पर्याय आहे आणि त्याला शून्य गुण आहेत. आता ज्याने चार वर्षांपूर्वीच बॅट माळ्यावर टाकली, त्याला गेल्या आठवड्यात खेळताना त्रास कसा होणार? तो 'लागू नाही'वर खूण करतो. ज्याचे सगळे मैदानच गेले त्याच्या नावावर शून्य, आणि जो खाजवत का होईना खेळतो त्याच्या नावावर दोन. ही अडचण तज्ज्ञांच्याही लक्षात आली आहे आणि तिच्यावर बरेच लिहिले गेले आहे. आपल्या घरांत तर कागदाचीही गरज पडत नाही. ती खूण आपण मनातल्या मनातच करून टाकतो.

मैदान काही एका दिवसात सुटत नाही. आधी अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट जातो. मुलगा ऐन मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून फिल्डिंगला उभा राहतो. मग चेंडूवर झेप घेणे बंद होते, कारण कोपर सोलवटले की तिथेच नवा चट्टा उठतो हे त्याला अनुभवाने कळलेले असते. पुढे तो स्कोअर लिहायला बसू लागतो. त्यानंतर एका रविवारी "झोप झाली नाही" म्हणून घरीच राहतो. मित्र दोन-तीनदा दाराशी येऊन हाका मारतात, नंतर मारत नाहीत. अम्मीला वाटते, बरे झाले, पोरगा उन्हातान्हात भटकत नाही.

मुलींचे आणि बायकांचे मैदान मुळातच लहान, त्यामुळे ते गेलेले कुणाला दिसतही नाही. कुटुंब सहलीला मुरूडला किंवा श्रीवर्धनला जाते. जावा-नणंदा पाय भिजवायला पाण्याकडे जातात आणि एक जण "मी सामान सांभाळते" म्हणून चटईवर बसून राहते. लग्नघरात मेंदी लावणारी आली की तिला नेमके स्वयंपाकघरातले काम आठवते. संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर बायका फेऱ्या मारतात, तिथे ती येत नाही. काळ्या बुरख्याच्या खांद्यावर डोक्यातल्या खपल्या पडलेल्या दिसतात, हे कारण ती कुणाला सांगणार? घरचे म्हणतात, तिला कुठे जायला आवडतच नाही.

या आजाराला आपल्याकडे लोक काहीही नाव देतात. कुणी नायटा म्हणते, कुणी खरूज, कुणी इसब. पण नायटा बुरशीने होतो आणि खरूज एका बारीक किड्याने, म्हणून ते दोन्ही एकाचे दुसऱ्याला लागतात. सोरायसिस तसा नाही. आपल्या शरीराची जी रोगप्रतिकारक यंत्रणा बाहेरच्या जंतूंशी लढते, तीच इथे उगाच चेतते आणि त्वचेला घाई करायला लावते. त्वचेची नवी पेशी खालून वर येऊन गळून पडायला एरवी साधारण महिना लागतो; सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम काही दिवसांत उरकते. जुन्या पेशी गळायच्या आत नव्या येऊन थडकतात आणि त्यांचा चंदेरी खपल्यांचा थर साचतो. कोपर, गुडघे, डोके आणि कंबरेचा मागचा भाग या त्याच्या आवडत्या जागा. घराण्यात असला तर पुढे येण्याची शक्यता थोडी वाढते, पण येतोच असे नाही.

आणि तो कुणालाही लागत नाही. एका ताटात जेवल्याने नाही, टॉवेलाने नाही, मुसाफहा केल्याने नाही, सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहिल्याने नाही, तलावाच्या पाण्यानेही नाही. हे वाक्य घरात मोठ्याने म्हणायची गरज असते, कारण पुष्कळ घरांत रुग्णाचा टॉवेल आणि साबण न बोलता वेगळा झालेला असतो. मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने सोरायसिसवर खास ठराव केला. हा आजार संसर्गजन्य नाही आणि रुग्णांना मिळणारी वागणूक हा त्यांच्या दुखण्याचाच एक भाग आहे, हे त्यात नोंदवले आहे. टॉवेल वेगळा करणाऱ्या घरांपर्यंत तो ठराव पोचायचा आहे.

आता कुणी म्हणेल, खेळ सुटला तर सुटला, आधी आजार बरा होऊ द्या. इथेच घोळ होतो. सोरायसिस हा वर्षानुवर्षे सोबत राहणारा आजार आहे. तो दबतो, पुन्हा उसळतो. 'बरा झाल्यावर खेळेन' म्हणणारा माणूस बसूनच राहतो आणि बसून राहणे या आजाराला फार मानवते. सोरायसिसच्या रुग्णांत लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळते. आपल्याकडे साखरेचा आजार आधीच घरोघरी आहे. त्यात वाढलेली चरबी शरीरातला दाह वाढवते आणि तो दाह पुन्हा त्वचेवर उतरतो.

इटलीतील डॉक्टरांनी २०१४ साली एक चाचणी प्रसिद्ध केली. वजन जास्त असलेले आणि औषधे चालू असूनही त्वचा न सुधारलेले ३०३ रुग्ण त्यांनी घेतले. अर्ध्यांना वीस आठवडे आहार आणि व्यायाम आखून दिला, उरलेल्यांना फक्त वजन कमी करण्याचे फायदे समजावून सांगितले. पहिल्या गटातील लोकांचा आजार सरासरी ४८ टक्क्यांनी उतरला, दुसऱ्या गटातील लोकांचा साधारण २५ टक्क्यांनी. औषध सोडून व्यायाम करा, असा याचा अर्थ अजिबात नाही. औषधे दोन्ही गटांत चालूच होती. त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेतील ८६ हजारांहून अधिक परिचारिकांची माहिती तपासली गेली, तेव्हा जोमाने व्यायाम करणाऱ्या स्त्रियांत सोरायसिस नव्याने होण्याचे प्रमाण कमी दिसले. पुरावा म्हणून मी पहिल्या चाचणीला जास्त वजन देईन, कारण परिचारिकांच्या पाहणीत व्यायाम करणाऱ्या बायका इतर बाबतींतही निरोगी असू शकतात.

मग त्वचा खेळायला विरोध का करते? एक म्हणजे घाम. घामातले मीठ भेगांत गेले की आग होते आणि खाज सुटते. दुसरे, घर्षण. ब्रेस्लाऊ या तेव्हाच्या जर्मन शहरातील डॉक्टर हाइनरिश कोब्नर यांनी दीडशे वर्षांपूर्वी एक रुग्ण पाहिला होता. त्याच्या अंगावर जिथे जिथे खरचटले होते, जिथे घोडा चावला होता, जिथे गोंदवून घेतले होते, नेमक्या त्याच जागी नवे चट्टे उठले होते. सोरायसिसच्या त्वचेची ही खोड आजही कोब्नरच्याच नावाने ओळखली जाते. दुखापत झाल्यावर साधारण दहा दिवस ते तीन आठवड्यांत चट्टा येतो, म्हणून पुष्कळांना दोन्हींचा संबंधच लागत नाही. मागच्या पंधरवड्यात बूट चावला होता हे कोण लक्षात ठेवतो?

म्हणजे शोधायचे आहे ते असे की, शरीर हलेल पण त्वचा एकाच जागी घासली जाणार नाही. प्रत्येकाचे उत्तर वेगळे निघेल. तळव्यांना भेगा असतील तर दोन किलोमीटर चालणे म्हणजे शिक्षा. अशा माणसाने सायकल चालवावी. तळहात फुटलेले असतील तर बॅट आणि डंबेल्स नकोत, चालणे किंवा धावणे चालेल. काखेत आणि जांघेत चट्टे असतील तर लांब धावणे त्रासदायक ठरते, कारण तिथे कातडीवर कातडी घासते आणि ओल राहते. कोपर-गुडघ्यांपुरताच आजार असेल तर खरे म्हणजे फारसे काही सोडावे लागत नाही. क्रिकेट खेळावे, झेप मात्र झेल सुटला तरी टाळावी किंवा कोपराला मऊ, सैल पट्टा असावा.

हवामानही पाहावे. कोकणात आणि मुंबईत अंग ओलसर राहते, त्यामुळे घड्यांमधला आजार चिडतो. तिथे पहाटेची वेळ बरी. मराठवाड्यात, खानदेशात हिवाळ्याची कोरडी थंडी कातडीला तडे पाडते; तिथे घराबाहेर पडण्यापूर्वी अंगाला तेल किंवा व्हॅसलीन लावून निघावे. ज्यांच्या अंगाचा बराच भाग चट्ट्यांनी व्यापला आहे त्यांना त्या जागी घाम नीट सुटत नाही आणि अंग आतून तापते. त्यांनी दुपारच्या उन्हात दमवणारा व्यायाम करू नये. अंग सगळेच लाल होऊन थंडी वाजू लागली तर व्यायामाचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कपड्यांबद्दल सल्ला देणारे 'सुती घाला' एवढे सांगून थांबतात. सुती कापड घाम पिते हे खरे, पण भिजल्यावर अंगाला चिकटते आणि घासू लागते. खेळायला जाताना पिशवीत दुसरा बनियन ठेवावा आणि मध्यंतरात बदलावा, हा साधा उपाय आहे. सलवारीची किंवा पायजम्याची नाडी कंबरेच्या एकाच रेषेवर आवळू नये. रुंद, सैल पट्टा बरा. हिजाबाखाली जी घट्ट टोपी घालतात तिचा इलास्टिक कपाळावर केसांच्या कडेने रुततो आणि डोक्याच्या सोरायसिसची सुरुवात पुष्कळदा तिथूनच दिसते. ती टोपी एक माप मोठी घ्यावी. फिरायला जायचा बुरखा काळाच असला पाहिजे असे कुठे लिहिले आहे? फिक्या करड्या किंवा बदामी रंगावर खपल्या दिसत नाहीत. एवढ्याशा बदलाने जर एखादी बहीण गच्चीवर फेऱ्या मारायला येणार असेल, तर शिंप्याचे पैसे वसूल झाले.

खेळून आल्यावर घाम अंगावर वाळू देऊ नये. कोमट पाण्याने पाच-सात मिनिटांत आंघोळ उरकावी, घासणी आणि दगड वापरू नयेत, अंग टॉवेलने टिपावे आणि ते ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, व्हॅसलीन किंवा खोबरेल लावावे. महागडी बाटली हवीच असे नाही. पोहायचे असेल तर तलावात उतरण्याआधी व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा आणि बाहेर येताच साध्या पाण्याने क्लोरीन धुऊन टाकावे. भेगांतून रक्त येत असेल तर ते दिवस सोडावेत. तलावावरचा माणूस अडवेल, ही भीती खोटी नाही. 'हा आजार संसर्गजन्य नाही' अशी दोन ओळींची चिठ्ठी डॉक्टरांकडून लिहून घेऊन ती फोनमध्येही ठेवावी. शाळेतल्या मुलासाठी तशीच चिठ्ठी पीटीच्या सरांना द्यावी; पण त्यात 'खेळातून सूट द्यावी' असे लिहून घेऊ नये. पालक मायेने तेच मागतात आणि मूल वर्षभर वर्गात एकटे बसते.

वजूचा प्रश्न इथेच येतो, कारण पाचही वेळा हात, पाय आणि चेहरा धुतला गेला की कोरडेपणा वाढतो. पाणी कोमट असावे, हातपाय टिपून घ्यावेत आणि वजूनंतर लगेच थोडे क्रीम लावावे. त्वचेत मुरणारे तेल किंवा क्रीम पाणी अडवत नाही, जाड घट्ट थर अडवतो, असा फरक आलिम करतात; शंका असेल त्याने आपल्या आलिमांना विचारावे. पाण्याने आजार वाढतो असे डॉक्टरच सांगत असतील, तर आजारी माणसासाठी तयम्मुमची सवलत कुरआनातच आहे. सजद्यात गुडघे आणि पायाची बोटे टेकतात, म्हणून जानमाजखाली घडी घातलेली गोधडी ठेवावी. रमजानमध्ये व्यायाम इफ्तारनंतर करावा, म्हणजे पाणी पिता येते. मलम लावल्याने रोजा तुटत नाही, तेव्हा महिनाभर मलम बंद ठेवण्याचे कारण नाही.

सांध्यांकडे मात्र डोळेझाक करू नका. सोरायसिस असलेल्यांपैकी काहींना, मोठ्या रुग्णालयांच्या पाहण्यांत तर जवळपास चौथ्या हिश्श्याला, सांध्यांचा दाह होतो. सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा अधिक वेळ अंग आखडलेले राहणे, टाच दुखणे, एखादे बोट आख्खेच सुजणे, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे पडणे या त्याच्या खुणा आहेत. हे दुखणे थकव्याने आले असे समजून लोक विश्रांती घेतात. थकव्याचे दुखणे विश्रांतीने कमी होते. हे विश्रांतीने आखडते आणि हालचालीने मोकळे होते, हा त्यातला फरक. अमेरिकेचा गोल्फपटू फिल मिकेलसन याने २०१० मध्ये आपल्याला हाच आजार झाल्याचे जाहीर केले. उपचार सुरू ठेवून तो खेळत राहिला, २०१३ मध्ये ब्रिटिश ओपन जिंकला आणि २०२१ मध्ये पन्नासाव्या वर्षी पीजीए स्पर्धा. त्याच्याकडे पैसा होता, उत्तम डॉक्टर होते, हे मान्य. पण त्याच्या बाबतीत निदान वेळेवर झाले, आणि वेळेवर निदान सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागातही होऊ शकते. उशीर झाला तर सांध्याची झीज भरून येत नाही.

आणखी एक धोका खेळ आणि सणसमारंभांशीच जोडलेला आहे. ईद, घरचे लग्न किंवा मोठी टूर्नामेंट जवळ आली की माणसाला त्वचा आठ दिवसांत स्वच्छ हवी असते. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून पुड्या आणल्या जातात. अशा बेनावी पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्वचा खरोखर साफ होते, सगळे खूश होतात. पुडी थांबवली की आजार आधीपेक्षा जोरात उसळतो, कधी अंगभर पूच्या फोड्या येतात. मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या कडक स्टेरॉइड मलमाचेही तेच. फार दिवस चोळले तर कातडी पातळ होते आणि मग साध्या घर्षणानेही फाटते. मेथोट्रेक्सेट ही गोळी डॉक्टर देतात आणि ती गुणकारी आहे, पण ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतल्याने जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. ज्या बहिणींचा निकाह जवळ आहे किंवा ज्यांना मूल हवे आहे त्यांनी ही गोळी सुरू होण्याआधीच तसे स्पष्ट सांगावे, कारण गर्भाला ती घातक आहे. त्याच लग्नघरातल्या मेंदीबद्दल एवढेच की, साधी हिरवी मेंदी धड कातडीवर चालते. 'काळी मेंदी' म्हणून जे विकतात त्यात बहुधा केस काळे करण्याचे रसायन असते आणि त्याने निरोगी हातही भाजल्यासारखा होतो.

उरतो प्रश्न सोबतीचा. एकटा माणूस दोन दिवस जातो आणि तिसऱ्या दिवशी पांघरूण ओढून घेतो. बऱ्याच दिवसांनी तो मैदानावर आलाच, तर "हे काय झाले रे हाताला?" असे सगळ्यांपुढे विचारू नये. मोठ्या भावाने आधीच दोन मित्रांना बाजूला घेऊन सांगून ठेवावे की हे लागत नाही. बायकोसोबत नवऱ्याने फजरनंतर अर्धा तास चालावे. त्या वेळी रस्त्यावर माणसे कमी असतात आणि ऊनही नसते. मुरूडला गेल्यावर सामानाजवळ नवऱ्याने बसावे. समुद्राचे पाणी बऱ्याच जणांच्या चट्ट्यांना मानवते. इस्रायल आणि जॉर्डनच्या सीमेवरील मृत समुद्रावर सोरायसिसचे रुग्ण खास त्यासाठी जाऊन राहतात. आपला समुद्र तेवढा खारट नाही. तरी भेगा नसतील तेव्हा सकाळच्या कोवळ्या उन्हात दहा-पंधरा मिनिटे पाण्यात उभे राहायला आणि नंतर गोड्या पाण्याने अंग धुवायला काहीच हरकत नाही. ऊन लागून कातडी भाजली तर मात्र तिथेही कोब्नर हजर होतो.

ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरांना दहा प्रश्न विचारायला वेळ मिळेलच असे नाही. तेव्हा जाण्याआधी एका चिठ्ठीवर चार ओळी लिहून न्या : पूर्वी काय खेळत होतो, ते कधी बंद झाले, कोणत्या जागेमुळे बंद झाले, आणि पुन्हा काय करायचे आहे. 'सांताक्रूझच्या टीममध्ये विकेटकीपर होतो, गुडघ्यांमुळे दोन वर्षांपूर्वी सोडले' किंवा 'रोज तळ्याला दोन चकरा मारत होते, टाच दुखू लागली म्हणून बंद' एवढे पुरते. पहिल्या चिठ्ठीवरून डॉक्टर गुडघ्यांचे मलम बदलतील. दुसऱ्या चिठ्ठीवरून बहुधा सांध्यांची तपासणी लिहून देतील.